मिठाच्या पाण्याची ओळ

प्रल्हादभाऊ मेहरे मला शेवटपर्यंत नीट कळले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. मी अमरावतीच्या एका शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. उत्तरपत्रिका वाचून कोणी कॉपी केली आणि कोण खरोखरच मठ्ठ आहे, हे मला बिनचूक ओळखता यायचं. पण या माणसाच्या बाबतीत माझा एकही अंदाज बरोबर आला नाही. रागावलेत असं वाटावं तेव्हा ते खूष असायचे, आणि खूष आहेत म्हणून गप्पा मारायला जावं तर फोन ठेवून द्यायचे. भाऊंना जाऊन आता वर्ष होईल. परवा इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात विषबाधेचा लेख उघडला. त्या लेखात कोणी केव्हा काय बदललं त्याची यादी असते, त्या यादीत खालपासून वरपर्यंत भाऊंचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. ते वाचताना माझा जुना गोंधळ पुन्हा सुरू झाला.

आमची ओळख या ज्ञानकोशामुळेच झाली. तो वाचणाऱ्यांनीच लिहायचा असतो. पगार नाही, मानधन नाही, लेखावर नावसुद्धा नाही. त्यातले आजारांवरचे मराठी लेख फार वाईट अवस्थेत आहेत, कुठे इंग्रजीचं कच्चं भाषांतर तर कुठे आजीबाईचा बटवा, तेव्हा जाणत्यांनी पुढे येऊन ते सुधारावेत, असं काही मंडळींच्या मनात आलं आणि आमच्याकडे एका कॉलेजात दिवसभराचं शिबिर ठेवलं गेलं. मी भाषा सुधारायला म्हणून गेलो. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर मी घरात नुसता बायकोच्या पायात पायात येत होतो, तिनंच पाठवलं.

पहिल्या बाकावर एक उंच, काळेसावळे, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पायाशी ओल्या फडक्यात बांधलेलं झेंडूचं गाठोडं. अकोल्याला जठारपेठेत त्यांच्या घरचं फुलांचं दुकान होतं आणि अमरावतीला आलोच आहे तर माल घेऊन जाऊ, असा त्यांचा हिशेब होता. कॉम्प्युटरच्या त्या बंद खोलीत दिवसभर देवळासारखा वास येत होता. स्वतःची ओळख करून देताना ते उठून उभे राहिले आणि म्हणाले की चांदूर बाजार तालुक्यात तीस वर्षं सरकारी आरोग्य सेवक होतो, गावोगाव फिरून ताप पाहिले, गोळ्या वाटल्या, विहिरीत औषध टाकलं. मग शिकवणाऱ्या पाहुण्यांनी नियम सांगितला. इथे स्वतःचा अनुभव लिहायचा नाही, छापील पुस्तकात किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या कागदात जे आहे तेच लिहायचं आणि प्रत्येक विधानाला संदर्भ द्यायचा.

भाऊ पुन्हा उठले. "म्हंजे म्या तीस वर्षं डोयानं पाह्यलं, ते खोटं?"

पाहुणे बिचारे ओशाळले. खोटं नाही काका, पण इथे चालत नाही, असं काहीतरी म्हणाले. आता हा माणूस गाठोडं उचलून तरातरा निघून जाणार, असं मला वाटलं. मी असतो तर गेलो असतो. भाऊ मात्र "मंग ठीक हाये" म्हणाले, आणि इतक्या समाधानानं खाली बसले की जणू कुणी त्यांच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. ज्याचा जन्मभराचा अनुभव एका वाक्यात निकालात निघाला, तो माणूस सुखावतो कसा, हे मला तेव्हा अजिबात समजलं नाही.

त्या शिबिरातून आमची तिघांची एक टोळी तयार झाली. तिसऱ्या होत्या डॉक्टर तनुजा, अचलपूरच्या एका दवाखान्यात काम करणाऱ्या, तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या तर नेमकं वर्मावर बोट ठेवणाऱ्या. वाटणी अशी ठरली की डॉक्टरबाईंनी वैद्यकीय बरोबर-चूक पाहायचं, भाऊंनी लोक प्रत्यक्षात काय करतात ते सांगायचं आणि संदर्भ हुडकायचे, आणि मी भाषा माणसांत आणायची. माझं काम सोपं नव्हतं. बोलताना अस्सल वऱ्हाडी असलेले भाऊ लिहायला बसले की त्यांच्या अंगात तहसील कचेरी शिरायची. "सदर रुग्णास तात्काळ नजीकच्या आरोग्य संस्थेत संदर्भित करण्यात यावे." मी त्याचं "रुग्णाला लगेच जवळच्या दवाखान्यात न्यावं" केलं आणि भांडणाच्या तयारीनं फोनजवळ बसून राहिलो. भाऊंचा फोन आला तो फक्त, "बरं झालं, आता पानी गेलं वावरात," एवढंच सांगायला.

संदर्भाचं मात्र त्यांनी वेड घेतलं. ते लेखापुरतं राहिलं नाही. आमच्याकडे एकदा जेवायला आले तेव्हा बायको रीतीप्रमाणे म्हणाली की आज वांग्याची भाजी जरा बिघडलीच. "कोन म्हनलं? संदर्भ काय?" असं विचारून त्यांनी तीनदा भाजी घेतली. एसटी स्टँडावरचा कंट्रोलर गाडी दहाला आहे म्हणाला की भाऊ त्याला कागद दाखवायला लावत. ज्ञानकोशात प्रत्येक लेखाच्या चर्चेच्या पानावर मजकुराखाली सही म्हणून चार नागमोडी खुणा करायच्या असतात, त्या ते दुकानातल्या हाराच्या चिठ्ठ्यांवरही करायला लागले. गिऱ्हाइकांना ते फुलाचं चिन्ह वाटे.

त्यांची काम करायची पद्धतही मला चमत्कारिक वाटायची. जठारपेठेतलं दुकान म्हणजे चार फूट रुंदीची खोबण. ओल्या हातांमुळे बिघडू नये म्हणून मोबाईल दुधाच्या पिशवीत घातलेला. एकीकडे हार ओवायचा आणि दुसरीकडे मोबाईलला मजकूर सांगायचा. आणि लिहून झालं की सगळा लेख पहिल्यापासून मोठ्यानं वाचायचा. मी त्यांना विचारलं होतं की भाऊ, मनात वाचा ना, रस्त्यावर लोक बघतात. त्यावर त्यांनी पुढची ओळ तितक्याच मोठ्यानं वाचली. दुकानात मागच्या बाजूला कमलवहिनी बसलेल्या असत. भाऊंच्या धाकट्या भावाची, सुरेशची, ही बायको. सुरेश ऐन उमेदीत गेला तेव्हापासून भाऊंनी तिला आणि तिच्या मुलीला आपल्या घरात ठेवलं, मुलीचं लग्न लावून दिलं. दुकान खरं म्हणजे कमलवहिनींचंच होतं. गजरे त्यांच्याइतके झपाट्यानं त्या गल्लीत कोणी करत नसे.

या दोघांची एक गंमत होती. निदान मला ती गंमत वाटायची. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्याशी बाईनं थेट बोलायचं नाही, अशी जुनी रीत. आता ती फारशी कोणी पाळत नाही, पण कमलवहिनी कडकडीत पाळत. भाऊंच्या पत्नी होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत इकडचे तिकडे होत. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हापासून निरोप गिऱ्हाइकांमार्फत जाऊ लागले. मी दुकानात असलो की माझी नेमणूक आपोआप होई. "सर, त्यायले सांगा, शेवंती संपली," असं वहिनी मला म्हणत. भाऊंना ते ऐकू गेलेलंच असे. मी नुसता मान हलवायला तिथे.

कुत्रा चावण्यावरच्या लेखाच्या वेळचा प्रसंग तर मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत फिरलो. जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी, असं डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं. आमच्याकडे लोक जखमेवर तिखट भरतात, चुना लावतात, तेही करू नये असं भाऊंना हवं होतं आणि त्याचा संदर्भ मिळेपर्यंत स्वतःचंच वाक्य त्यांनी काढून ठेवलं होतं. मी दुकानात पोचलो तर भाऊ नळाखाली मनगट धरून उभे, डाव्या हातात घड्याळ. समोर सत्यनारायणाच्या हारासाठी आलेला एक माणूस ताटकळलेला.

काय करताय, विचारलं तर म्हणाले, "पंधरा मिनिटं म्हंजे किती, ते पाहून राह्यलो. लिवनं सोपं हाये. सात मिनिटातच जीव कटायला."

मागून वहिनींचा आवाज आला, त्या हार घ्यायला आलेल्या माणसाला सांगत होत्या की त्यांना म्हणावं, टाकीतलं पाणी संपत आलं. तो माणूस गोंधळून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. पंधरा मिनिटं पूर्ण झाल्यावर भाऊंनी लेखात एक वाक्य घातलं, हा वेळ वाटतो त्यापेक्षा बराच जास्त असतो, घड्याळ लावून धुवावं. डॉक्टरबाईंनी ते संदर्भ नसताना राहू दिलं. त्यांनी नियम मोडलेला मी एवढा एकदाच पाहिला.

मग विषबाधेचा लेख आला आणि सगळं बिनसलं.

शेतात फवारायच्या विषाला आपल्याकडे औषधच म्हणतात. ते पोटात गेलं तर काय करायचं, हा त्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. डॉक्टरबाईंनी तो चार वाक्यांत लिहिला. उलटी करवू नका, काही पाजू नका, रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्या, औषधाची बाटली सोबत न्या. मी तो वाचून खूष झालो, माझ्यासाठी काही कामच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खाली भाऊंची नवी ओळ दिसली. "विष पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवावी, असे पूर्वीच्या आरोग्य पुस्तिकांत सांगितलेले असे; आता ते घातक मानले जाते." डॉक्टरबाईंनी ती काढली. भाऊंनी पुन्हा घातली. त्यांनी पुन्हा काढली. चार दिवस हा खेळ चालला, आणि दोघंही फोन मला करायची.

डॉक्टरबाईंचं म्हणणं मला पटत होतं. माणूस घाबरलेला असताना लेख वाचतो, त्याच्या डोळ्यांसमोर मीठ, पाणी, उलटी हे शब्द आणायचेच कशाला? अशा वेळी उलटी करवली तर विष फुप्फुसात जाऊ शकतं, आणि जास्त मीठ हे स्वतःच विषासारखं असतं. भाऊंना यातलं सगळं मान्य होतं. तरी ती ओळ हवीच होती. काहून, असं मी विचारलं की म्हणायचे, "होतं म्हनून." इतिहास म्हणून राहू द्या, एवढा एकच धोशा. जो माणूस संदर्भाशिवाय स्वतःची ओळ काढून टाकतो, तो या एका ओळीसाठी असा हट्टाला का पेटलाय, मला कळेना. म्हातारपणाचा हेकटपणा असेल, असं मी ठरवून टाकलं. शेवटी डॉक्टरबाई वैतागून म्हणाल्या की ती जुनी पुस्तिका आणून दाखवा, मग ठेवू. त्यांना वाटलं विषय मिटला.

आठवड्याभरानं भाऊ अकोल्याहून सकाळच्या गाडीनं माझ्या दारात. चला म्हणाले चांदूर बाजारला. का म्हणून विचारायची सोय नव्हती.

चांदूर बाजारला एक निवृत्त नर्सबाई राहत होत्या, भाऊंच्या बरोबरीच्या. त्यांना काहीही फेकून द्यायची सवय नव्हती. त्यांच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून लसीकरणाची जुनी कार्डं, कुटुंब नियोजनाची चित्रं आणि वाळवीनं अर्धे खाल्लेले तक्ते निघाले, आणि तळाशी आरोग्य सेवकांच्या प्रशिक्षणाची पिवळी पडलेली पुस्तिका सापडली. भाऊंना पान शोधावं लागलं नाही. त्यांनी ती उघडली ती त्याच पानावर. मिठाच्या पाण्याची ओळ तिथे होती, पेन्सिलीनं अधोरेखित. भाऊ ती उभ्याउभ्याच वाचत राहिले, एकदा, दोनदा, पुन्हा. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या चहा ठेवायला आत निघून गेल्या. त्यांना काय आहे ते माहीत होतं, मलाच नव्हतं.

तिथून भाऊंनी मला गावाबाहेर त्यांच्या जुन्या मळ्याकडे नेलं. आता तिथे दुसऱ्या कोणाचा संत्र्याचा बगिचा आहे. आम्ही बांधावर बसलो आणि भाऊंनी सगळं सांगितलं, सरकारी अहवाल वाचावा तसं. तेव्हा तिथे वांगी होती. सुरेश फवारणी करत होता. औषधाची मोठी बाटली गळत होती म्हणून त्यातलं उरलेलं त्यानंच सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून झाडाखाली ठेवलं होतं. दुपारी उन्हातून आला, पाण्याची बाटली शेजारीच होती, हाताला ही सरबताची आली. दोन घोट गेले. घर मळ्यातच होतं. भाऊ त्या दिवशी सुटीवर होते.

"सगळे माह्याकडे पाहून राह्यले होते, सर. घरात सरकारी मानूस होतो ना मी. शिकोलं होतं मले. म्या मिठाचं पानी मांगलं. तीन गिलास पाजले. मंग बैलगाडी जुतली."

चांदूर बाजारला पोचेपर्यंत सुरेश गेला होता. पुढे कितीतरी वर्षांनी एका प्रशिक्षणात नवे डॉक्टर म्हणाले की मिठाचं पाणी कधीही पाजू नका, त्यानंच माणूस दगावतो. भाऊ म्हणाले, बाकीचे वहीत लिहून घेत होते, मला वहीच दिसेना. मी त्यांना विचारलं की औषधानं गेला की मिठानं, हे कुणी सांगितलं का? डॉक्टरबाईंना त्यांनी नाव न घेता विचारलं होतं. किती औषध पोटात गेलं हे माहीत नसताना सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

मग मला ते लेख मोठ्यानं वाचणं आठवलं. मी विचारलं, कमलवहिनींसाठी का? भाऊ म्हणाले की हो, तिच्या कानावर पडावं म्हणून. ज्या दिवशी विषबाधेचा लेख पुरा होईल त्या दिवशी ती ओळसुद्धा पडेल. मी सांगितलं तर ते माझंच म्हणणं झालं. पुस्तकात होतं, शिकवलेलं होतं, हे दुसऱ्या कोणी सांगायला पाहिजे.

"तीस वर्षं झाले, ती माह्याशी एक शबुद बोलली नाई," ते म्हणाले.

पण ती तर आपल्याकडची रीतच आहे, मी म्हणालो.

"हो ना. त्याच्यानंच तं समजत नाई. रीत पायते का राग धरते."

इतके दिवस ज्याची गंमत सांगत फिरलो ते हे होतं, आणि मला माझीच लाज वाटली. परतीच्या गाडीत भाऊ पुस्तिका शर्टाच्या आत ठेवून झोपी गेले आणि मी अमरावती येईपर्यंत विचार करत बसलो. वहिनींना राग असेल तर त्या भाऊंच्याच घरात जन्मभर कशा राहिल्या? आणि राग नसेल तर तीस वर्षांत, एखाद्या सणाला, मुलीच्या लग्नात, एक शब्द तोंडातून निसटला कसा नाही? मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या.

पुस्तिकेचा फोटो पाहिल्यावर डॉक्टरबाईंनी शब्द पाळला. मी त्यांना मळ्यातलं काही सांगितलं नाही, तो माझा अधिकार नव्हता. ओळ लेखात गेली, संदर्भासह. भाऊंनी मला फोनवर एकच शब्द कळवला, "राह्यली."

पंधरा-वीस दिवसांनी मी डोळे तपासायला अकोल्याला गेलो आणि सकाळी दुकानावर डोकावलो. भाऊंनी दाढी केली होती, शर्ट कडक इस्त्रीचा होता. मला स्टुलावर बसवलं. मागे कमलवहिनी मोगऱ्याचे गजरे करत होत्या. एक बाई घरच्या पूजेसाठी हार निवडत उभी होती. भाऊंनी मोबाईल पिशवीतून बाहेर काढला. आज लेख ते स्वतः वाचणार नव्हते. मोबाईलला मराठीत प्रश्न विचारला की तो ज्ञानकोशातलं उत्तर बोलून दाखवतो, हे त्यांना नुकतंच कळलं होतं. दुसऱ्या कोणी सांगायला पाहिजे, असं ते म्हणाले होते. हा त्यांना सापडलेला दुसरा कोणी. त्यांनी आवाज पूर्ण मोठा केला, घसा साफ केला आणि विचारलं, "विष पोटात गेलं तर पूर्वी काय करत होते?"

मोबाईलमधली बाई स्पष्ट, गोड आवाजात म्हणाली, "विष पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवावी." आणि थांबली.

पुढचं ती बोललीच नाही. भाऊंनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेवढंच सांगितलं. वाक्याचा पुढचा अर्धा भाग पडद्यावर तीन टिंबांच्या मागे राहिला होता. हार घ्यायला आलेली बाई मान हलवून म्हणाली, हो, मिठाचं पाणीच चांगलं, आमच्याकडेही तेच देतात, आता मोबाईलसुद्धा सांगतो म्हणजे खरंच आहे. भाऊंनी तिला थांबवलं. हार बाजूला ठेवून त्यांनी तिला ते चूक कसं आहे, का पाजायचं नाही, बाटली घेऊन थेट दवाखान्यात कसं जायचं, हे चार-चार वेळा सांगितलं आणि तिच्याकडून म्हणवून घेतलं. ती बिचारी घाबरून हो हो म्हणत निघून गेली.

मग भाऊंनी विषबाधेचा लेख उघडला. ओले हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि ती ओळ निवडली. काय करताय, मी म्हणालो, इतके भांडलात तिच्यासाठी. नुसतं वाक्य फिरवून लिहू, मी लिहून देतो, घातक हा शब्द आधी आणू.

"नको, सर. लोकं अर्धंच आयकतात," भाऊ म्हणाले. "म्याबी तेवढंच आयकलं होतं."

आणि त्यांनी ती ओळ काढून टाकली. बदल का केला ते लिहायची एक चौकट असते, तिच्यात त्यांनी "गरज नाही" असं लिहिलं. मला फार वाईट वाटलं. मागे गजऱ्याचा दोरा ओढल्याचा आवाज थांबला होता. मी वळून पाहिलं. कमलवहिनींनी पदर डोक्यावरून पुढे घेतला होता आणि मांडीवरच्या कळ्यांकडे बघत त्या माझ्याशी बोलल्या, पण दर वेळी सांगत तशा आवाजात नाही.

"सर, त्यायले सांगा, मीठ म्या कालवलं होतं. त्यायनं चमचा म्हनलं होतं. माह्या हातानं मूठ मूठ गेली. तीस वर्षं झाले, म्या त्यायले तोंड कसं दाखवू, हेच मले समजलं नाई."

भाऊंना ते ऐकू आलं होतं. ते माझ्यापासून दीड फुटावर होते. तरी ते वळले नाहीत. त्यांनी अर्धवट राहिलेला हार हातात घेतला, त्यात एक झेंडू ओवला, तो परत काढला. राग समजून ज्या मौनाला हा माणूस तीस वर्षं भीत आला, त्याच्या आत हे होतं. आता ते रडतील, की उठून जातील, की तिच्याशी बोलतील, मला काहीच अंदाज येईना. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले,

"सर, कमलले सांगजा, मीठ किती टाकलं त्याच्यानं काही फरक नव्हता पडत. चमचा असता तरी तेच झालं असतं. आनि पाजलं म्या होतं, तिनं नाई."

हे खरं की खोटं, मला माहीत नाही. डॉक्टरबाईंनासुद्धा सांगता आलं नव्हतं. भाऊंना तरी माहीत होतं का, कोण जाणे. पण ते माझ्याकडे वाट बघत होते आणि मागे वहिनीही वाट बघत होत्या. दोघांनीही एकमेकांचं अक्षर न् अक्षर ऐकलेलं होतं. तरीही मी स्टूल वळवलं आणि कमलवहिनींना पहिल्यापासून सगळं सांगितलं, भाऊंनी सांगितलं होतं तसंच, एक शब्द न गाळता. त्यांनी ते नव्यानं ऐकल्यासारखं ऐकलं. पदराच्या टोकानं डोळे पुसले, दोरा पुन्हा हातात घेतला आणि म्हणाल्या, "त्यायले विचारा, चहा घेतात का."

मी पुन्हा भाऊंकडे वळलो आणि विचारलं.